अक्काची उंच दांडी

या, असे जवळ सरकून बसा. लांब बसलं की गोष्टीतला निम्मा जीव वाटेतच सांडतो. आज मी तुम्हाला एका खांद्याची गोष्ट सांगणार आहे. हसताय? हसा. पण राजे झाले, राण्या झाल्या, आता ज्या खांद्याच्या जिवावर आपण धुतलेल्या चादरीवर सुखाने पाठ टेकतो, त्याचंही थोडं ऐका.

एक मोठं धुलाईघर होतं. इस्पितळांच्या नि हॉटेलांच्या चादरी तिथे यायच्या. आत शिरलं की साबणाचा वास नाकात बसायचा आणि वाफेने चष्मा पांढरा व्हायचा. यंत्रातून निघालेल्या ओल्या चादरी एका खोल गाड्यात पडायच्या. तिथून पुढचं काम बायकांचं, आणि तेही जोडीजोडीने. एकीने गाड्यात कमरेपासून वाकायचं, पाणी प्यायलेली जड चादर उपसायची, डोक्याच्याही वर असलेल्या दांडीवर भिरकावायची. दुसरीने तिची टोकं ओढून, सुरकुत्या मोडून ती इस्त्रीच्या गरम रुळाकडे सोडायची. एक उचलणारी, एक पसरणारी. चादर जमिनीला लागू नये म्हणून दांडी उंच. ज्याने ती ठोकली त्याला स्वतःला तिच्यावर काही टाकायचं नसावं, एवढं मात्र नक्की.

तिथे एक रीत होती. उचलणारी जोर लावताना म्हणायची, "घे देवा!" आणि टोक हाती आलं की पसरणारी म्हणायची, "घेतलं!" यंत्रांच्या घरघरीत दोघींचा ताल त्याच्यावरच चालायचा. दिवसभर हाच गजर. मला विचाराल तर पुष्कळ देवळांत यापेक्षा कमी नामस्मरण होत असेल.

अक्का ही उचलणारी. सगळ्यांत जुनी. तिची पसरणारी म्हणजे चिमणी. हे टोपणनाव, कारण अंगाने मूठभर आणि तोंडाला विसावा नाही. अक्काचा आवाज खणखणीत. पण अलीकडे "घे" आणि "देवा" यांच्यामध्ये एक बारीकसा श्वास अडकायला लागला होता. तो फक्त चिमणीला ऐकू यायचा.

घरी अक्का नि तिची सासू, दोघीच. दोघींचेही नवरे देवाघरी गेलेले आणि सासूबाईंची दृष्टीही गेलेली. दिवसभर दोघींचं पटायचं नाही. चहा गार झाला, दार उघडंच टाकलं, भांडं जागेवर नाही, एक ना दोन. पण सकाळी कामावर जाण्याआधी अक्का सासूबाईंच्या मागे बसून त्यांचे केस विंचरायची. तेवढ्या वेळात घरात भांडण नसायचं. सासूबाई मान सैल सोडायच्या आणि जुन्या आठवणी काढायच्या.

एका सकाळी त्या मध्येच थांबल्या. "हात बदललास."

"नाही हो."

"डावा आहे हा. भांग वाकडा चाललाय. माझे डोळे गेलेत सूनबाई, डोकं नाही गेलेलं."

"तुमचा भांग बघायला कोण येणारंय आता?"

"तू येतेस ना रोज," म्हातारी म्हणाली. अक्का तशीच डाव्या हाताने विंचरत राहिली. उजवा हात खांद्याच्या वर जाईना, आणि हे कुणाला कळलं तर काम जाईल, ही एकच धास्ती तिला होती. तिच्या एका हातावर दोन पोटं होती. म्हणून ती दुखणं गिळत होती.

आणि त्याच सुमारास धुलाईघरात मोजणीबाई आली.

एका संशोधन केंद्रातून आलेली. कामाने लोकांचे सांधे, कंबर, खांदे का झिजतात याचा अभ्यास करणारी. बायकांना गोळा करून ती म्हणाली, "माणसाने कामासाठी वाकडं व्हायचं नाही. काम माणसाच्या मापाचं करायचं. तेवढंच माझं शास्त्र." मुलगी गुणाची होती. मालकही वाईट नव्हता. म्हणाला, "दांडी खाली घ्यायची, गाडे बदलायचे, सगळं करतो. पण आकडे दाखवा. नुसत्या बोलण्यावर मी भिंत फोडत नाही."

पट्टा एकच होता, म्हणून दांडीवर सगळ्यांत जास्त काळ काम केलेली बाई म्हणून मोजणीबाईने अक्काला निवडलं. तो दंडाला बांधायचा; त्यात काडेपेटीएवढं यंत्र. हात किती वर जातो, किती वेळ वर राहतो, ते त्यात उमटणार. "काही वेगळं करू नका," ती म्हणाली, "रोजच्यासारखंच करा."

चहाच्या सुट्टीत बायकांची डोकी एकत्र आली.

"ते यंत्र दुखणं पकडतं म्हणे," एक म्हणाली.

"मग माझ्या नवऱ्याच्या जिभेला बांधा," दुसरी म्हणाली, "दुखणं कुठून निघतं ते कळेल."

सगळ्या हसल्या. चिमणी हसली नाही. "अगं, अक्काचा हात यंत्राने पकडला तर मालक तिला घरी बसवेल. मग त्या दोघींनी खायचं काय?"

अक्का म्हणाली, "जे आहे ते आहे. खोटं कशाला?"

"खोटं कुठे? मी उचलते, तू पसर. जोडी तीच, काम तेच. पट्टा आहे तोवरच. तू फक्त गप्प राहा."

आणि बघा मंडळी, इथे या बायका चुकल्या. चुकल्या त्या मायेपोटी. दुखणं लपवलं की माणूस वाचतं, असंच त्या आजवर शिकल्या होत्या. जो पट्टा अक्काच्या बाजूने साक्ष द्यायला आला होता, त्यालाच चहाडखोर समजून त्यांनी त्याचं तोंड दाबलं.

पट्टा दंडावर होता तितके दिवस चिमणीने उचललं. मूठभर बाई, टाचा वर करकरून दांडीवर चादरी भिरकावत होती. "घे देवा!" चिमणीचा किनरा आवाज यायचा आणि पलीकडून अक्काचा, "घेतलं." मोजणीबाईने एकदा विचारलंही, "रोज असंच असतं ना?" सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "रोज असंच." मग अक्का एरवी उचलणारी, हे तिला कळायला जागाच उरली नाही.

आकडे आले. अक्काचा हात खांद्याच्या वर फारसा जातच नव्हता. मालकाने कागद वाचला, मान हलवली आणि दांडी होती तिथेच राहिली. चिमणीने त्या दिवशी सगळ्यांना आपल्या पदरचा चहा पाजला. अक्का वाचली ना!

दुसऱ्या दिवसापासून अक्का पुन्हा उचलायला लागली. चिमणीने नको म्हटलं, तर ही म्हणाली, "तुझे हात काय देवाने फुकट दिलेत?"

पुढे एका दुपारी तिने चादर उपसली, "घे" म्हणाली, आणि पुढचा शब्द आलाच नाही. चिमणी टोकाची वाट बघत हात पुढे करून तशीच उभी. मागे वळून बघते तर अक्का गाड्याच्या कडेला टेकून बसलेली, उजवा हात मांडीवर, जणू दुसऱ्या कुणाचा सांभाळायला घेतलेला.

डॉक्टर म्हणाला, स्नायू हाडाला बांधून ठेवणारी दोरी झिजत झिजत तुटली आहे. फार आधी यायला हवं होतं. शस्त्रक्रिया झाली, पण हात छातीच्या वर जाईल अशी आशा धरू नका, असं त्याने बजावलं.

ही बातमी मोजणीबाईपर्यंत गेली. ती अस्वस्थ होऊन अक्काच्या घरीच आली. चिमणीही तिथे होती. मोजणीबाई पुन्हा पुन्हा म्हणत होती, "माझं काहीतरी चुकलंय. आकड्यांत तर हा खांदा धोक्यात नव्हता."

कोपऱ्यातून सासूबाई बोलल्या, "मला तुमचे आकडे कळत नाहीत बाई. पण ही झोपेतसुद्धा 'घे देवा' म्हणून दचकून उठते. आताही."

मोजणीबाई त्यांच्याकडे वळली. मग हळूच म्हणाली, "घे देवा? ते तर उचलणारी म्हणते ना? मी होते तेव्हा अक्का 'घेतलं' म्हणायच्या."

चिमणीचा बांध फुटला. सगळं सांगून टाकलं तिने. "आम्हाला वाटलं, तुमचं यंत्र दुखणं सांगतं!"

"नाही हो," मोजणीबाई म्हणाली. "ते फक्त हात किती वर गेला ते सांगतं. अक्का, तुमचा हात खरा मोजला असता तर मी तुम्हाला नाही, त्या दांडीला खाली आणणार होते. हे मी पहिल्याच दिवशी तुमच्याजवळ बसून, असं साधं करून सांगायला हवं होतं."

कुणी कुणाला दोष दिला नाही. अक्काने डाव्या हाताने चिमणीच्या पाठीवरून हात फिरवला. "रडू नको. तू मला वाचवायला गेलीस."

"आणि बुडवलं!"

"असू दे. आता पट्टा तू बांध. आणि खरं कर."

चिमणीने पट्टा बांधला. या वेळी कुणी काही लपवलं नाही. कुठे दुखतं, कधीपासून, सगळ्या मोकळेपणी बोलल्या. आकडे असे आले की मालकाने पहिल्या पानावरच कागद खाली ठेवला. दांडी छातीशी आली. मोठ्या चादरी लोळू नयेत म्हणून खाली स्वच्छ फळी बसली. गाड्यांना स्प्रिंगचे तळ आले. चादरी कमी होतील तसा तळ आपोआप वर येतो, वाकावं लागत नाही.

ते बघायला अक्काला बोलावलं. निघायच्या सकाळी ती डाव्या हाताने आपले केस आवरत बसली होती, जमत नव्हतं. सासूबाई चाचपडत तिच्या मागे येऊन बसल्या आणि तिच्या हातातला कंगवा काढून घेतला.

"तुम्हाला दिसत नाही, आत्याबाई."

"भांग वाकडा आला तर सांग. तुझ्याकडे बघणारे आहेत अजून."

धुलाईघरात सगळ्या बाजूला झाल्या. अक्का दांडीपाशी गेली. उजवा हात सावकाश उचलला, तो छातीपर्यंत आला आणि अलगद दांडीवर टेकला. बरोब्बर तिच्या मापाची.

"इथे असती ना," ती चिमणीला म्हणाली, "तर मी अजून पुष्कळ काम केलं असतं गं."

मग वळली आणि घरी गेली. काम तिचं संपलंच होतं. आता दोघींचं शेजारपाजार आणि धुलाईघरातल्या बायका मिळून बघतात. देवापुढे उभी राहते तेव्हा तिचा डावा हात कपाळापर्यंत जातो, उजवा छातीशीच राहतो. मला वाटतं, देव तेवढा खाली वाकत असेल. माणसाच्या मापाने यायला त्याला कुठले आकडे लागतात?

आज त्या दांडीवर बायका आहेत, त्यांचे खांदे शाबूत आहेत. गजर तोच आहे, फक्त मधला श्वास कुठे अडकत नाही. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. कधी परक्या गावी, एखाद्या इस्पितळात किंवा खोलीत, कुणीतरी धुतलेल्या चादरीवर अंग टाकाल, तेव्हा डोळे मिटण्याआधी एकदा अक्काची आठवण काढा.