सात नंबरचा बिल्ला

जिल्हा पोलिसांच्या वर्कशॉपमध्ये शिरल्यावर डाव्या हाताला एक लाकडी फळी होती. फळीवर बावीस खिळे आणि प्रत्येक खिळ्याखाली एक नंबर, कारण जिल्ह्यात गाड्याही बावीस. गाडी बाहेर असली की खिळा रिकामा. दुरुस्तीला आली की तिची किल्ली खिळ्यावर. आणि गाडी रस्त्यावर नेण्याजोगी नसेल, तर किल्लीवर पत्र्याचा लाल बिल्ला अडकवायचा, असा नियम होता. मुख्यालयाने असे सहा बिल्ले पाठवले होते. पाच कुठे गेले ते कुणाला ठाऊक नव्हते. सहावा वस्तादच्या टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली होता.

वस्ताद म्हणजे तिथला मुख्य मेकॅनिक. वय अठ्ठावन्न, हाताखाली तिघे. त्याच्या रजिस्टरमध्ये ‘बंद दिवस’ नावाचा एक रकाना होता आणि तीन वर्षे त्या रकान्यात नुसती शून्ये होती. ती खरी होती. चौक्यांवर दुपारी दोनला पाळी बदलायची आणि नवी माणसे बाहेर पडेपर्यंत चार वाजायचे. तेवढ्या दोन तासांत गाडी आत घ्यायची, चौघांनी तिच्यावर तुटून पडायचे आणि चारच्या आत ती बाहेर काढायची, ही इथली पद्धत. सुटा भाग हवा असला तर मागच्या कोपऱ्यात भंगारात निघालेल्या दोन गाड्या होत्या. त्यांना सगळे ‘आज्या’ म्हणत. “धाकट्या आजीकडे आहे का बघ,” असे वस्ताद म्हणाला की समजायचे, तिच्या पोटातून काहीतरी निघणार.

या शून्यांबद्दल मुख्यालयाने त्याला शाबासकीचे पत्र दिले होते. ते त्याने काचेत घालून फळीशेजारी लावले होते.

त्यामुळे मुख्यालयाच्या वाहन शाखेतल्या मॅडम तपासणीला येणार असे कळले, तेव्हा त्याला वाटले, दुसरे पत्र येणार. त्याने फरशी धुऊन घेतली. मॅडम आल्या, चहाला नको म्हणाल्या आणि दोन दिवस रजिस्टर, लॉगबुके आणि गाड्या तपासत राहिल्या. शून्ये खोटी असावीत असा त्यांचा संशय होता. कुठल्याही जिल्ह्यात असे होत नाही, असे त्यांनी तोंडावरच सांगितले. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला वस्तादने त्यांच्यासमोर एका गाडीची क्लचप्लेट बदलून ती पावणेचारला बाहेर काढली.

मग मॅडम त्याच्या टेबलाशी बसल्या. सगळे खरे आहे, हे त्यांनी मान्य केले. पण चेहरा काही खुलला नाही. सात नंबरची गाडी त्यांनी खालून पाहिली होती. ही गाडी बेचाळीस किलोमीटरवरच्या, दगडखाणींपलीकडच्या चौकीची. त्या चौकीला दुसरी गाडी नव्हती. सात नंबरने जवळपास चार लाख किलोमीटर कापले होते. तिच्या चासीला तडा जाऊन तीनदा वेल्डिंग झाले होते आणि तिसऱ्या वेल्डिंगच्या कडेला आता केसाएवढी नवी रेघ दिसत होती.

दोन वेल्डिंगनंतर गाडी बंद ठेवून इंजिनिअरला कळवायचे असते, हा नियम वस्तादला पाठ होता. नवीन गाडी येईपर्यंत चौकी पायी फिरेल, म्हणून कळवले नाही, असे त्याने सांगितले.

“नवीन गाडी येणारच नाही,” मॅडम म्हणाल्या.

आणि त्यांनी शांतपणे समजावून सांगितले. सबंध राज्यासाठी यंदा तीनशे दहा गाड्यांचे पैसे मंजूर झाले होते. मागण्या चार हजारांच्या. एवढ्या गाड्या बघायला कुणी जाऊ शकत नाही, म्हणून यादी रजिस्टरांवरून लागते. गाडी किती दिवस बंद होती आणि ती नसल्यामुळे पोलीस किती वेळा उशिरा पोचले, एवढेच पाहतात. ज्याचे बंद दिवस जास्त, त्याला गाडी आधी. शून्यवाले सगळ्यात खाली. तीन वर्षांत या जिल्ह्याला एकही नवी गाडी मिळाली नव्हती, त्याचे कारण हेच.

“म्हणजे ज्यांनी गाड्यांची वाट लावली त्यांना नव्या, आणि आम्हाला पत्र,” वस्ताद म्हणाला.

मॅडमनी विचारले, “या गाडीत तुमच्या घरचं माणूस बसत असतं, तर सोडली असती तुम्ही?”

“बसतं ना. माझा साडूच चालवतो.”

मॅडमनी रजिस्टर मिटले. यादी चोवीस दिवसांनी पक्की होणार होती. त्यांनी जाताना काही सुचवले नाही. फक्त नियमाच्या पानात खूण घालून पुस्तक टेबलावर ठेवले.

सात नंबर त्या गुरुवारी नेहमीप्रमाणे तेलपाणी तपासायला आली. साडू खाली उतरला आणि त्याने डबा आणलाय का, हे आधी विचारले. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी आणि धाकटीच्या हाताला चव नाही, ही साडूची जुनी तक्रार. म्हणून गुरुवारी तो वस्तादच्या डब्यात जेवायचा. जेवण झाले. वस्ताद गाडीखाली गेला, बॅटरीच्या उजेडात त्याने रेघेवरून नख फिरवले. मागच्या आठवड्यापेक्षा ती बोटभर पुढे सरकली होती. तो बाहेर आला, टेबल एका हाताने उचलले आणि पायाखालचा बिल्ला काढला.

साडूने किल्लीसाठी हात पुढे केला होता.

“एसटीने जा, साडूभाऊ,” वस्ताद म्हणाला.

साडूला आधी थट्टा वाटली. मग तो चिडला. वेल्डिंग करून दे, तीन वेळा केलेस तसे चौथ्यांदा कर, म्हणाला. खाणीवर पगाराचा आठवडा आहे, मारामाऱ्या होतात, काय सांगू साहेबांना, असेही विचारले. वस्तादने हे सगळे ऐकून घेतले आणि रजिस्टरच्या रकान्यात एक हा आकडा लिहिला. बाकीचे तिघे हातातली कामे सोडून बघत होते. त्या रकान्यात शून्याशिवाय दुसरा आकडा त्यांनी कधी पाहिला नव्हता.

संध्याकाळपर्यंत चौकीच्या साहेबांचे चार फोन आले. दुसऱ्या दिवशी वस्तादच्या बायकोला तिच्या बहिणीचा आला. “तुझ्या नवऱ्याने माझ्या नवऱ्याला सायकलवर बसवलं,” एवढे बोलून तिने फोन ठेवला. बायकोने हे जेवताना सांगितले आणि जास्त काही विचारले नाही. पोळी मात्र दोनदा वाढली.

नवव्या दिवशी खाणीवर मारामारी झाली. चौकीची माणसे एका दुधाच्या टेम्पोतून गेली, ती सव्वा तास उशिरा पोचली. तोपर्यंत एका कामगाराचा हात कोपरातून मोडला होता. डॉक्टर म्हणाले, जुळेल, पण पूर्ण सरळ होणार नाही. चौकीने अहवालात लिहिले : गाडी वर्कशॉपमध्ये बंद, म्हणून उशीर. त्या अहवालाची नक्कल वर्कशॉपकडे आली. वस्तादने ती दोनदा वाचली आणि रजिस्टरला टाचून मुख्यालयाला पाठवली. तशी पाठवायची असते.

त्यानंतरच्या गुरुवारी साडू एसटीने आला. डबा उघडून बसला, पण निम्म्यावर थांबला.

“तू गाडी दिली असतीस तर त्याचा हात वाचला असता,” तो म्हणाला.

“हो.”

“आणि घाटात चासी तुटली असती तर?”

“मग तू नसतास.”

साडूने उरलेला डबा संपवला.

यादी आली तेव्हा जिल्ह्याचे नाव तीनशे दोन नंबरवर होते. एक गाडी. ती पाच आठवड्यांनी आली, सीटांवरचे प्लास्टिक अजून निघाले नव्हते. साडूने ती एकदा आवारात गोल फिरवली, हॉर्न वाजवून पाहिला आणि सेकंड गिअर जरा घट्ट आहे म्हणाला. जुनी सात नंबर ढकलत नेऊन दोन्ही आज्यांच्या शेजारी उभी केली. तिसरी आजी, असे कुणीतरी म्हणाले.

फळीवरच्या सात नंबरच्या खिळ्यावर आता नुसता लाल बिल्ला लटकत होता. वस्तादने तो काढला. टेबल जवळपास दोन महिने डुगडुगत होते आणि त्याच्यावर चहा दोनदा सांडला होता. तो टेबलापाशी गेला, वाकला आणि तसाच उठला. मग फळीशी येऊन त्याने एकेक नंबर वरपासून खालपर्यंत पाहिला.

तीन नंबरची किल्ली खिळ्यावर होती. तिच्या ब्रेकचे काम त्याच दुपारी झाले होते, थोरल्या आजीचे भाग घालून. गाडी चालत होती. तीव्र उतारावर ती कशी थांबते, हे मात्र वस्तादला माहीत होते. शहर चौकीचा ड्रायव्हर ती न्यायला पावणेचारला येणार होता.

वस्तादने बिल्ला तीन नंबरच्या किल्लीवर अडकवला आणि रजिस्टर उघडले. चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजायला लागला. त्याने आधी हात पुसले.