बिननावाचा केक

"स्ट्रिबलिंग घराण्याच्या इतिहासात लपवून ठेवण्यासारखं काहीही नाही."

काउंटीला शंभर वर्षं होणार म्हणून एक स्मरणपुस्तक निघायचं होतं. त्यात प्रत्येक जुन्या घराण्याला एक पान मिळालं होतं आणि आपल्या पानाची सुरुवात इमोजीनने या वाक्याने केली होती. वाक्य भारदस्त होतं. ते खरं ठरावं म्हणून पुढच्या मजकुरातून तिने आधी पणजोबांचा तुरुंगवास काढला, मग टेक्ससला पळालेला चुलता काढला, आणि आजोबांच्या दुसऱ्या लग्नाची तारीख पहिल्या बायकोच्या मरणापासून जरा लांब सरकवली. एवढं केल्यावर लपवण्यासारखं खरोखरच काही उरलं नाही.

उरलेला इतिहास असा. पणजोबा कॅरोलायनातून मालाने भरलेली गाडी घेऊन पश्चिमेला निघाले. अलाबामात टॅलो क्रॉसिंगला गाडीचा आस मोडला. दुरुस्त करणारा कुणी मिळेना, म्हणून त्यांनी गाडीतला माल तिथेच विकायला काढला, आणि तो संपायच्या आत नवा मागवला. इमोजीनच्या पानावर याला दूरदृष्टी म्हटलं होतं. पणजोबांचं दुकान आजोबांकडे आलं, आजोबांचं लेम्युएलकडे. लेम्युएल म्हणजे इमोजीनचे वडील. नांगराचे फाळ, सुती कापड, तपकीर, रॉकेल, कोंबड्यांचं खाद्य आणि शवपेटीच्या कड्या हे सगळं एकाच छपराखाली विकणारा, मोजून बोलणारा, चर्चच्या कारभारी मंडळात बसणारा माणूस.

त्यांना दोन मुलं. धाकटा हॉयट काउंटीच्या मुख्य गावी खाद्याचा घाऊक धंदा करायचा आणि जेवायला टॅलो क्रॉसिंगला यायचा. थोरली इमोजीन शाळेत शिकवायची. दुकानात अंडी विकायला आली की ती अंधाऱ्या खोक्यातल्या दिव्यासमोर धरून आतला डाग शोधायचा, हे काम वडिलांनी तिला लहानपणीच शिकवलं होतं. पुढे ती माणसांनाही तशीच धरू लागली. लग्नाचं विचारायला दोघे-तिघे येऊन गेले. प्रत्येकात तिला डाग दिसला.

पान लिहून होत आलं होतं तेवढ्यात एका शनिवारी सकाळी गिऱ्हाइकाला खिळे तोलून देताना लेम्युएल खाली बसले ते उठलेच नाहीत. गिऱ्हाईक रडलं. मग म्हणालं, जातानासुद्धा काटा बरोबर मध्यावर होता.

दुपारपर्यंत घरात जेवण येऊ लागलं. टॅलो क्रॉसिंगमध्ये मेलेल्याच्या घरी चूल पेटत नाही, गावच्या बायका रांधून आणतात, आणि आणताना भांड्याच्या बुडाशी चिकटपट्टी लावून तिच्यावर आपलं नाव लिहितात, म्हणजे दुःख ओसरलं की भांडं परत मिळतं. डुकराच्या भाजलेल्या मांडीखाली नाव होतं. चिकनच्या तीन कढयांखाली नावं होती. बटाट्याच्या कोशिंबिरीखाली तर नवऱ्याचंही नाव होतं. इमोजीन एकेक भांडं उलटून वाचत होती आणि कुणी किती लोणी घातलं याचा मनात हिशेब ठेवत होती.

शेवटी कॅरमेल केकची, म्हणजे लाल केलेल्या साखरेचा थर दिलेल्या केकची, काचेची बशी आली. कोण ठेवून गेलं ते कुणी पाहिलं नाही. इमोजीनने ती डोक्यावर धरून खालून पाहिली. पट्टी नव्हती.

केक कुणाचा हे विचारायची गरज नव्हती. हॉयटने एक घास घेतला आणि तो म्हणाला, मिस यूलाचा. मिस यूला पीव्ही ही दुकानासमोर राहायची, विधवा होती, तरी तिकडच्या रीतीप्रमाणे सगळ्यांची मिसच, आणि काउंटीच्या जत्रेत कॅरमेल केकची पहिल्या नंबरची निळी फीत वर्षानुवर्षं तिच्याकडे जायची. दुसऱ्या नंबरची लाल फीत तितकीच वर्षं इमोजीनच्या आईकडे, झेल्माकडे यायची. तेव्हा केक कुणाचा हा प्रश्न नव्हता. प्रश्न असा होता की, जी बाई आपल्या माशा मारायच्या जाळीवरसुद्धा नाव घालते, तिने बशीवर का घातलं नाही?

इमोजीनने हा प्रश्न अंड्यासारखा दिव्यासमोर धरला. बाहेरची बाई नाव लावते, कारण तिला भांडं परत हवं असतं. घरच्या बाईला पट्टी लागत नाही. या घरात बिनपट्टीची भांडी कुणाची होती? आईची. आणि आता यूलाची.

इतक्यात झेल्मा आली. तिने बशी उचलली, उलटी केली, बुडाकडे पाहिलं, सुलटी केली आणि ठेवून दिली. केक खाल्ला नाही. तेव्हा इमोजीनला कळलं की, आपण आज ज्याचा संशय घ्यायला लागलो, तो आईचा कधीचाच घेऊन झालेला आहे.

दफन झाल्यावर थडग्याच्या दगडाची बोलणी निघाली. स्ट्रिबलिंग मंडळींत जोडप्याचा एकच रुंद दगड असतो. डाव्या बाजूला नवऱ्याचं नाव कोरतात, उजवीकडे बायकोचं, आणि तिची शेवटची तारीख कोरी सोडतात. झेल्माने सांगितलं, अरुंद दगड आणा.

"माझं तिकडे शेडी ग्रोव्हला करा. माझ्या माहेरच्या माणसांत."

"आई, आपल्यात असं कुणी केलेलं नाही," इमोजीन म्हणाली.

"शुक्रवारी संध्याकाळी तो दुकानात माल मोजत बसायचा ना? मोजू दे आता निवांत."

आता इमोजीनला एकेक आठवायला लागलं. शुक्रवारी दुकान लवकर बंद व्हायचं. खिडकीचा पडदा खाली यायचा. मोजणी रात्रीच्या जेवणापर्यंत चालायची, आणि इतकी मोजणी होऊनही दुकानात काय आहे नि काय नाही हे वडिलांना कधीच सांगता यायचं नाही. घरी आले की अंगाला व्हॅनिलाचा वास. विचारलं तर म्हणायचे, अर्काची बाटली फुटली. ती बाटली इमोजीन शाळेत शिकवायला लागली तेव्हापासून फुटत होती. दुकानाच्या मागच्या खोलीत रॉकेलवर चालणारी भट्टी होती, ती म्हणे कोंबडीच्या पिलांना ऊब द्यायला. पिलं कधी कुणी पाहिली नव्हती. आणि एकदा तिने स्वतः मिस यूलाला मागच्या दाराने बाहेर पडताना पाहिलं होतं, दोन्ही हातांनी काहीतरी झाकून धरलेलं. तेव्हा यूला म्हणाली होती, आज वारा छान सुटलाय. वारा सुटलेला नव्हता.

हॉयटला तिने सगळं सांगितलं. तो केकचा तुकडा कापत होता.

"ताई, माणूस गेला. आता शोधून काय काढणार तू? आणि सापडलंच तर ठेवणार कुठे?"

"तू तिसरा तुकडा घेतोयस. तू बोलू नकोस."

सोमवारी दगडवाला येणार होता. त्याआधी खरं काय ते कळायला हवं होतं, नाहीतर वडील तिथे एकटे पडणार, आई दुसऱ्या गावी, आणि रविवारी फुलं घेऊन जाणारा प्रत्येक जण ते वाचणार. त्यापुढे पुस्तकातलं पान उपयोगाचं नव्हतं. पान खोडता येतं, दगड खोडता येत नाही.

पुढच्या शनिवारी तिने बशी धुतली. भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून तिच्यावर अंजीर ठेवले. मुद्दाम लहान निवडले.

मिस यूला ओसरीवर झुलत्या खुर्चीत बसली होती. ती खुर्ची तिला गच्च झाली होती.

"एवढेच अंजीर?" ती म्हणाली.

"यंदा कमी धरले. बशीवर नाव नव्हतं, मिस यूला."

"नव्हतं."

"तुमच्या माशा मारायच्या जाळीवर असतं."

"ती एकदा चोरीला गेली होती. बस ना. उभ्या बाईला मी खरं सांगत नाही."

इमोजीन बसली. "शुक्रवारी तुम्ही दुकानात मागच्या दाराने जात होता."

"पुढचं बंद असायचं."

"बाबांशी तुमचं काय होतं?"

यूलाने खुर्ची थांबवली. जरा वेळ रस्त्यापलीकडच्या दुकानाकडे पाहिलं.

"केक," ती म्हणाली.

मग तिने जे सांगितलं ते असं. लेम्युएलला बहीण नव्हती. लहानपणी त्यांच्या आईने त्यांनाच स्वयंपाकघरात हाताशी घेतलं होतं, आणि कॅरमेल केक ते तिच्याकडून शिकले होते. पुढे दुकान आलं, मंडळातली खुर्ची आली. दुकानाच्या पायरीवर बसणाऱ्या लोकांना जर कळलं असतं की नांगराचे फाळ विकणारा माणूस केक भाजतो, तर फाळ घ्यायलासुद्धा कुणी गंभीर तोंडाने आलं नसतं. म्हणून शुक्रवार आणि पडदा. एकदा यूला रॉकेल मागायला मागच्या दाराशी गेली आणि तिने त्यांना लाकडी चमचा चाटताना पकडलं. गप्प राहायचं तिने कबूल केलं, एका तुकड्याच्या बदल्यात. मग लेम्युएल म्हणाले, जत्रेत तुझ्या नावाने ठेवून पाहू, एकदाच, परीक्षक काय म्हणतात ते कळेल. परीक्षकांनी निळी फीत दिली.

"मी दर वर्षी म्हणायचे, आता पुरे, झेल्माला कळलं तर ती तुला भट्टीत घालेल. तो म्हणायचा, एवढंच वर्ष."

इमोजीनचा विश्वास बसला नाही. ही गोष्ट खरी असायला फारच चांगली होती. तिने विचारलं, दर शुक्रवारी केक, आणि जत्रा वर्षातून एकदा. बाकीचे केक गेले कुठे?

यूलाने स्वतःकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुला दिसत नाही का?"

तरीही इमोजीनने तिला आत नेलं आणि म्हणाली, करून दाखवा. यूलाने अंडं घेतलं, कपाच्या काठावर आपटलं. निम्मं कपात गेलं, निम्मं बाहीत. तिने दुसरं घेतलं. इमोजीनने तिला थांबवलं. इतकं वाईट अंडं फोडणं ढोंगाने जमत नाही.

नंतर दोघींनी मिळून दुकानाची मागची खोली उघडली. भट्टीत पीठ सांडून करपलेलं होतं. खिळ्यांच्या पिंपात वरच्या थराखाली केकची तीन भांडी होती, तेल लावून पुसून ठेवलेली. आणि टोपलीत सगळ्यात मोठी अंडी होती. मोठी अंडी बर्मिंगहॅमच्या बाजारात जातात असं वडील सांगायचे, आणि घरी कायम लहानच यायची.

"हा शेवटचा केक शुक्रवारचा होता," यूला म्हणाली. "शनिवारी तो गेला. घरात दुसरं काही नव्हतं, रिकाम्या हाताने कशी येणार? पट्टी घेतली, नाव लिहायला बसले. आणि तो तिकडे कोट घालून झोपलेला. जिवंतपणी त्याच्या केकवर माझं नाव घातलं ते घातलं. त्याच्या मरणाच्या जेवणात घालू?" तिने बाही पुसली. "मी निलाजरी आहे, पण इतकी नाही."

घरी परतताना इमोजीनला पहिल्यांदा हायसं वाटलं, आणि अर्ध्या रस्त्यात धस्स झालं. वडिलांच्या चारित्र्यावर डाग नव्हता. फक्त इतकी वर्षं त्यांनी स्वतःच्या बायकोला जत्रेत हरवलं होतं. हॉयट दारातच होता. त्याने ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, "बाईचंच राहू दे. बाई आईला पचलीय. हे पचणार नाही."

पण दगडवाला सोमवारी येणार होता.

झेल्मा मागच्या ओसरीवर शेंगा सोलत होती. इमोजीनने सगळं सांगितलं, पिंपातल्या भांड्यांपर्यंत. झेल्माचे हात चालूच राहिले. सोललेल्या शेंगांची टरफलं ती दाण्यांच्या पातेल्यात टाकायला लागली, तेवढंच.

"जत्रेहून परत येताना दर वर्षी गाडीत माझा हात धरायचा," शेवटी ती म्हणाली. "म्हणायचा, झेल्मा, या परीक्षकांना जीभच दिलेली नाही देवाने. मला वाटायचं, तिच्यापायी मन खातंय म्हणून गोड बोलतोय. त्या बाईला मी प्रार्थनेत माफ केलं होतं. नाव घेऊन माफ केलं होतं."

"आता ते लागणार नाही, आई."

"फुकट गेलं ते."

इमोजीनने विचारलं, सोमवारी दगडवाल्याला काय सांगायचं.

झेल्माने पातेल्यातली टरफलं एकेक करून बाहेर काढली. "बाई असती तर मी शेडी ग्रोव्हलाच गेले असते. तिच्याबद्दल मला त्याच्याशी काही बोलायचं नव्हतं. याच्याबद्दल मात्र पुष्कळ बोलायचंय. रुंद दगड सांग. शेजारीच जागा लागेल मला."

घराण्याचा शेवटचा डाग पुसला होता, आई-वडील एका दगडाखाली येणार होते, आणि पुस्तकातलं पहिलं वाक्य शब्दही न बदलता छापता येणार होतं. ते आईला वाचून दाखवावं म्हणून इमोजीन उठून आत निघाली.

"इमोजीन," झेल्माने मागून हाक मारली. "त्या यूलाकडे परत जाशील तेव्हा एवढं विचारून ये गं, साखर जळू न देता तो इतकी लाल कशी करायचा."