दुमडीतलं वजन

पडदे शिवणाऱ्या मास्तरांच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. खिडकीचं माप घेता घेता ते गिऱ्हाइकाला मागच्या गिऱ्हाइकाच्या घरची सगळी हकिकत सांगून मोकळे व्हायचे. कोणाच्या खिडकीची काच फुटकी आहे, पडद्याच्या रंगावरून कोणत्या नवरा-बायकोत अबोला आहे, काही म्हणता काही सुटायचं नाही. अशा माणसानं आयुष्यात एकच गुपित जपलं होतं, आणि ते बायकोच्या वजनाचं होतं.

बायको म्हणजे दुकानाच्या मालकीणबाई. मास्तरांनी कापायचं-शिवायचं आणि बाकी सगळं तिनं बघायचं अशी वाटणी होती, म्हणून लोक त्यांना मालकीणबाई म्हणत आणि मास्तर नुसतं 'मालकीण'. अंगानं त्या चांगल्याच भरलेल्या. जिना चढला की धाप लागायची, गुडघे कुरकुरायचे, त्यात साखर वाढलेली. चालणं झालं, उपाशी राहणं झालं, नाही नाही ते काढे पिऊन झाले. शेवटी पोट लहान करण्याच्या शस्त्रक्रियेची गोष्ट निघाली, तर तिथे वेगळाच घोळ. शस्त्रक्रियेला जेवढं वजन लागतं त्यापेक्षा मालकीणबाई दोन किलोनं कमी भरल्या.

"घ्या! जन्मभर जाडी जाडी म्हणून हिणवलं सगळ्यांनी," त्या म्हणाल्या, "आणि आता म्हणे पुरेशी जाडी नाही!"

उपाय मास्तरांनीच काढला. पडदा सरळ पडावा म्हणून त्याच्या खालच्या दुमडीत शिशाच्या लहान चकत्या शिवतात, त्यांचा डबा दुकानात होताच. मास्तरांनी मालकीणबाईंच्या झग्याला आतून एक पट्टा लावला, त्यात चकत्या बसवल्या, आणि पुढच्या खेपेला बाई वजनकाट्यावर अशा ऐटीत उभ्या राहिल्या, जणू काही सत्कारालाच बोलावलं होतं. काटा हवा तिथे गेला. घरी येईपर्यंत दोघांची हसून हसून पुरेवाट झाली. हे मात्र मास्तरांनी कोणाला म्हणजे कोणाला सांगितलं नाही.

शस्त्रक्रिया झाली आणि बाई उतरू लागल्या. पोट मुठीएवढं उरलं. चार घास गेले की पाचव्याला जागा नाही, घाईनं खाल्लं तर दरदरून घाम आणि उलटी. पण चेहरा खुलला, गुडघे बोलायचे थांबले, साखर ताळ्यावर आली. मास्तर दर महिन्याला त्यांचे झगे उसवायचे आणि आत घ्यायचे, आणि उरलेली पट्टी गिऱ्हाइकांना दाखवायचे. "एवढी बायको गेली बघा या महिन्यात!" कौतुकानं मूठभर मांस चढतं म्हणतात. मालकीणबाईंच्या अंगावर तेवढंच काय ते चढत होतं.

पुढे वजन एका जागी थांबेल, असं सर्जननं सांगितलं होतं. ते थांबेना. पण उतरत्या वजनाला वाईट म्हणणार कोण? झोपेत अंथरूण भिजेल इतका घाम यायचा, संध्याकाळी अंगात कणकण असायची, उगाच खाज सुटायची. "वयाचं असेल," असं म्हणून त्या ते उडवून लावत. आणि दुकानात आलेल्या बायका विचारत, "मालकीणबाई, आम्हालाही सांगा की, काय करता?" त्याही हौसेनं सांगत बसत. मरण दारात उभं होतं आणि ह्या त्याचं गुणगान करत होत्या. त्यांना तरी काय माहीत!

नव्या झग्याच्या गळ्याचं माप घेताना मास्तरांच्या बोटाला मानेच्या कडेला काहीतरी लागलं. त्यांनी टेप काढून पुन्हा लावली. वाटाण्याहून मोठी, रबरासारखी गाठ होती, आणि तिच्या खाली आणखी एक.

"मालकीण, हे कधीपासून?"

"कुठं काय?" म्हणत त्यांनी मानेला हात लावला. बोट गाठीवर गेलं आणि तिथंच थांबलं.

लिम्फोमा निघाला, गाठींचा कॅन्सर. मानेत होता, काखेत होता, पोटातही होता. डॉक्टरबाई तरुण होत्या, पण बोलायला स्पष्ट. शस्त्रक्रियेमुळे हा आजार झालेला नाही, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. आजारानं उतरलेलं वजनही शस्त्रक्रियेच्या नावावर गेलं, म्हणून कळायला उशीर झाला, इतकंच. औषधाला हा आजार दाद देतो. सहा डोस द्यायचे, दर तीन आठवड्यांनी एक. "पण अंगात ताकद लागेल. तुमचं पोट लहान आहे, त्यामुळे मला तुमच्या वजनाचीच काळजी आहे. पन्नासच्या खाली गेलात तर डोस थांबवावा लागेल. मग आतड्यात नळी घालून आधी तुम्हाला पोसू आणि नंतर पुढचं बघू."

मास्तरांनी यातलं 'दाद देतो' तेवढं ऐकलं. मालकीणबाईंनी ऐकलं 'थांबवावा लागेल'.

मालकीणबाईंची मोठी बहीण स्वयंपाकाला म्हणून येऊन राहिली. जीव लावणारी बाई, पण जिभेला हाड नाही. "चांगलं धडधाकट पोट कापून घेतलंस. मला विचारलं होतंस का? आता भर म्हटलं तर भरायचं कशात?" असं बोलत बोलत ती वाटीभर सूप समोर ठेवायची. मालकीणबाई दोन चमचे घ्यायच्या, तिसरा तोंडात धरून बसायच्या, आणि मोरीकडे पळायच्या. पूर्वी चोरून खायच्या तेव्हा ताई पहारा करायची, आता खात नाहीत म्हणून तीच ताई पहाऱ्याला.

तरी वजन टिकून होतं. पहिल्या डोसनंतर टिकलं, दुसऱ्यानंतर टिकलं, तिसऱ्यानंतरही काटा पन्नासच्या वरच. मानेतली गाठ बोटाला लागेनाशी झाली. मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. "डॉक्टरसुद्धा चाट पडल्या," ते गल्लीभर सांगत सुटले. "आमची मालकीण आहे ती, हार मानणारी नव्हे." हाडांवर नुसतं कातडं राहिलेली बायको रोज डोळ्यांसमोर असूनही त्यांनी काट्यावर विश्वास ठेवला. माणसाला जे हवं असतं ते दिसतं, मास्तर काही जगावेगळे नव्हते.

चौथ्या डोसाच्या दिवशी दोघं हॉस्पिटलच्या लांबट व्हरांड्यात बसले होते. उकडत होतं म्हणून कोणीतरी उभा पंखा आणून लावला. ओळीनं बसलेल्या सगळ्यांचे कपडे फडफडायला लागले, हातातले कागद उडाले. एका म्हातारीची ओढणी तर शेजारच्याच्या तोंडावर गेली. मालकीणबाईंच्या झग्याचा घेर मात्र जागचा हलला नाही. पायघोळ, हलक्या कापडाचा झगा, आणि वाऱ्यात नुसता सरळ पडून होता. असा घेर मास्तरांनी आयुष्यभर पाहिला होता, पण तो पडद्याचा. त्यांनी खाली वाकून चप्पल सारखी केल्यासारखं करत दुमड चिमटीत धरली. आत चकत्या होत्या. सगळ्या घेरातून एकीला एक लावून, सुबक टाके घालून शिवल्या होत्या.

"मालकीण," ते कसंबसं म्हणाले, "हे काय?"

"हळू बोला."

"कधीपासून?"

"दुसऱ्या डोसपासून. कंबरेलाही आहेत." त्यांचा आवाज शांत होता, पण मास्तरांचं मनगट त्यांनी घट्ट धरलं होतं. "तीनच राहिलेत. आज धरून तीन. थांबवलं की वाढतो तो, कळतंय का? ताकदीचं मी बघून घेईन. तुम्ही फक्त गप्प बसा. आयुष्यात एकदा."

सिस्टरनं नाव पुकारलं. मालकीणबाई उठल्या, काट्यावर उभ्या राहिल्या. "एक्कावन्न. छान," सिस्टर म्हणाली. मास्तर गप्प बसले.

आत डॉक्टरबाईंनी कागद पाहिले आणि त्यांचा चेहरा सैल झाला. "कमाल केलीत. खरं सांगू? मागच्या वेळी तुमचं रक्त फार उतरलं होतं, म्हणून या वेळी औषध कमी करावं असं मनात होतं. पण वजन इतकं टिकलंय, तर पूर्ण डोस देऊया."

मालकीणबाईंनी मान हलवली. औषध वजनाच्या हिशोबानं देतात हे पहिल्याच दिवशी मास्तरांच्या कानावरून गेलं होतं, ते आता डोक्यात शिरलं. अंगात जेवढी बाई उरली नव्हती तेवढ्या बाईचं औषध तिच्या शिरेत जाणार होतं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"डॉक्टर, तिच्या झग्यात शिसं आहे."

सिस्टरनं मालकीणबाईंना हॉस्पिटलचा पातळ अंगरखा घालायला लावून पुन्हा वजन केलं. सेहेचाळीस. डॉक्टरबाई आधी चिडल्या, मग त्यांचा आवाजच बसला. "हा डोस दिला असता तर कदाचित मीच तुम्हाला मारलं असतं," त्या म्हणाल्या. मालकीणबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांनी ना डॉक्टरबाईंकडे पाहिलं ना मास्तरांकडे.

डोस थांबला. पोटाला भोक पाडून आतड्यात नळी घातली. घरी एक छोटा पंप आला आणि तो दिवसाचे कित्येक तास घुर्र घुर्र करत पांढरं पातळ अन्न आत सोडू लागला. नळी धुणं, पिशवी बदलणं, भोकाभोवतीची कातडी पुसणं, हे सगळं मास्तर करत. शिवणकामानं तयार झालेले हात होते, काम नेटकं व्हायचं. मालकीणबाई करून घेत, पण बोलत नसत. काही हवं असलं तर ताईला सांगत. "त्यांना म्हणावं, पिशवी संपली." आणि 'ते' तर दोन हातांवर बसलेले. 'मास्तर' ही हाक बंदच झाली होती.

एकदाच बोलल्या, तेही पंपाकडे बघत. "पहिल्यांदा पट्टा तुम्हीच शिवला होता. तेव्हा नाही तोंड उघडलंत." मास्तरांनी बायको जगावी म्हणून तोंड उघडलं होतं, आणि ती जगावी म्हणूनच गप्प बसायचं होतं असं ती म्हणत होती. दोघांतलं बरोबर कोण हे त्यांना कळत नव्हतं, आणि त्या विचारानं त्यांचा जीव कुरतडला जात होता. डब्यातल्या चकत्या त्यांनी भंगारात देऊन टाकल्या. पडदे कसेही पडोत.

पण नळीचा गुण येताना दिसला. गाल जरा भरले. एक दिवस ताई म्हणाली, "हिला चपला होत नाहीत बघ पायात." पुढच्या आठवड्यात झगा कंबरेत घट्ट झाला. मास्तरांनी तो मशीनवर घेतला, शिवण उसवली आणि दोन बोटं सैल केली. किती वर्षांत बायकोचा कपडा त्यांनी सैल केला नव्हता! पाय मारता मारता त्यांना रडू आलं आणि ताईला दिसू नये म्हणून ते दोरा ओवत बसले. अंगाला लागतंय, शेवटी अंगाला लागतंय.

वजनाचा दिवस आला. मालकीणबाई काट्यासमोर थांबल्या, आणि तोच सैल केलेला झगा त्यांनी दोन्ही हातांनी उचलून घेर मास्तरांच्या पुढे धरला. व्हरांड्यातले सगळे बघत होते.

"चाचपा," त्या म्हणाल्या. "मागाहून नको."

"अगं, मी काय..."

"चाचपा म्हणते ना."

मास्तर गुडघ्यांवर बसले. सगळा घेर त्यांनी बोटांतून काढला, इंच न इंच, मग कंबरेची पट्टी. मऊ कापड आणि दोऱ्याचे टाके, बाकी काही नाही. मालकीणबाई काट्यावर चढल्या.

"बावन्न!" सिस्टर म्हणाली.

मास्तर खालूनच हसले. मालकीणबाईंच्या तोंडावरही काहीतरी हललं. डॉक्टरबाईंच्या खोलीत मास्तर खुर्चीवर बसेनात. "बावन्न, डॉक्टर! खरे! मी स्वतः तपासलंय, एक चकती नाही. आता डोस सुरू?"

डॉक्टरबाई उठल्या. मालकीणबाईंच्या पायाशी बसून त्यांनी झगा घोट्याच्या वर सारला आणि नडगीवर अंगठा दाबून धरला. मग उचलला. अंगठ्याच्या जागी खळगा पडला होता. तो भरून येईना. मग त्यांनी मानेला हात लावला, काखेत लावला, पोटावर टिचकी मारून ऐकलं.

"हे पाणी आहे," त्या हळू म्हणाल्या. "पायात आहे, पोटातही आहे. खरं वजन अजून उतरलंय. आणि गाठी परत आल्यात. अशा अंगाला मला डोस देता येणार नाही."

"मग कधी?" मास्तरांनी विचारलं.

डॉक्टरबाईंनी झगा पुन्हा घोट्यापर्यंत ओढून नीट केला.

मालकीणबाई पायाकडे बघत होत्या. मग त्यांनी वर पाहिलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच नवऱ्याच्या डोळ्यांत.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "या वेळी मी काही नाही केलं हो."