पाट्या रंगवणाऱ्याची शिडी

मित्रांनो, मी एक जुनी शिडी आहे आणि स्वभावानं जरा ताठ आहे, हे आधीच सांगून टाकते. ताठ नसेल तर ती शिडी कसली? सुतारानं मला घडवलं तेव्हा प्रत्येक पायरीवर स्वतः उभं राहून पाहिलं आणि म्हणाला, ही माणसाला पाडायची नाही. तो शब्द मी पाळला.

मला नेलं ते दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरनं. त्याला एक खोड होती. अक्षरं तो कधी ओळीनं रंगवायचा नाही. आधी मधलंच एखादं, मग शेवटचं, मग पहिलं. येणारे-जाणारे थांबून शब्द ओळखायला लागायचे, हुज्जत घालायचे, पैजा मारायचे. उंच इमारतींवर ही गंमत जमायची नाही, कारण तिथून खालचं कुणी धड दिसायचंही नाही. पण माझी छाती तिथंच फुगायची. लोक माना वर करून म्हणायचे, केवढी शिडी! मला वाटायचं, पेंटरच्या आयुष्यात जे काही सुख आहे ते माझ्यामुळेच.

पुढे छापील फलक आले आणि मी घरामागच्या बोळात आडवी झाले. माझ्यावर ओली फडकी वाळत पडली, बादल्या अडकल्या, एका पायरीला वाळवी लागली. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

अशात छपाईच्या दुकानाचा मालक पेंटरला म्हणाला, मागच्या खोलीत संगणकावर बसून अक्षरं जुळवा, पगार देतो. संध्याकाळी उत्तर न्यायला येतो. पेंटरनं करवत काढून माझ्या उशाशी ठेवली. होकार दिला तर शिडी कापून सरपण करायचं, असं त्याचं ठरलं होतं. करवतीकडे बघत दिवस काढणं काय असतं, ते तुम्हाला नाही कळायचं. माझ्या तर तोंडचं पाणीच पळालं.

पेंटर बोळात येरझाऱ्या घालत होता. नाही म्हणावं तर घर कसं चालणार? हो म्हणावं तर त्या बंद खोलीच्या नुसत्या विचारानंच त्याचा जीव घुसमटत होता. दुपारचं जेवणही त्याला गेलं नाही. शेवटी बायकोनं हाताला धरून त्याला खाली बसवलं, ते नेमकं माझ्यावरच.

"पुढचं राहू द्या. आधी सांगा, तुम्ही मनापासून खूश कधी असायचात?" ती म्हणाली. "मोठेपणाचे दिवस नकोत. शीळ घालत घरी यायचात, ते सांगा."

मी कान टवकारले. आता माझं नाव निघणार! तो आठवू लागला. न्हाव्याच्या दुकानाचं दार. वाण्याचं शटर. शाळेची बुटकी भिंत, जिथं पोरांनी ओरडून ओरडून भलतेच शब्द सुचवले होते. एकेक आठवताना त्याचा चेहरा खुलत गेला आणि माझा उतरत गेला. सगळी कामं जमिनीवरची. एकातही मी नव्हते.

बायकोनं उंचावरच्या मोठ्या कामांचं विचारलं.

"अगं, शिडीवर माझा जीव मुठीत असायचा," तो म्हणाला. "पाय लटपटायचे. कुणाला बोललो नाही, एवढंच."

ती लटपट मला ठाऊक होती, मित्रांनो. इतकी वर्षं मी तिला वारा समजत होते.

"म्हणजे तुम्हाला पाठीशी माणसं लागतात," बायको म्हणाली. "मग तेच मागा ना."

मालक आला. पेंटरनं त्याला स्पष्ट सांगितलं, येतो, पण मागच्या खोलीत नाही. दुकानाच्या दारात, भर रस्त्यावर हातानं पाट्या रंगवीन. गर्दी जमली तर फायदा तुमचाच. मालकाच्या कपाळाला आठ्या पडल्या. बायको पदराचं टोक पिळत उभी होती.

"महिनाभर बघू," मालक शेवटी म्हणाला आणि गेला.

तो गेला आणि पेंटरनं करवत उचलली. संपलं, म्हटलं. मधोमध दात घुसले. दुखलं, खोटं कशाला बोलू? मग त्यानं वाळवीच्या पायरीसकट माझी जास्तीची लांबी कापून टाकली, उरलेले दोन तुकडे डोक्याशी बिजागरीनं जोडले आणि मला पाय फाकवून उभं केलं.

आता मी छपाईच्या दुकानापुढे पाटी पेलून उभी असते, पेंटरच्या छातीएवढी. महिना कधीच उलटला. आजूबाजूला इतकी गर्दी असते की मी कुणाला दिसतही नाही.

मित्रांनो, पुढचे बेत आखताना किती उंच जायचं ते मागाहून ठरवा. आपण रमलो कुठे होतो ते आधी आठवा. घरात जुनी शिडी असेल तर तिला ओलीत टाकू नका, अधूनमधून तेल लावा. आणि जो वर चढतो त्याला एकदा विचारा, बाबा रे, भीती तर वाटत नाही ना? मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं, तर आम्ही दोघं केव्हाच खाली उतरलो असतो.