सहाची चाचणी

ऑपरेटरबाईंनी उभ्या आयुष्यात एकही टेलिफोन नंबर कागदावर लिहिला नव्हता. एक्स्चेंजमधल्या बायकांचा तो ताठाच होता म्हणा ना. लिहून ठेवते ती कच्ची, डोक्यात ठेवते ती पक्की. बत्तीस वर्षं त्या कानाला हेडफोन लावून बोर्डासमोर बसल्या आणि गावातले डॉक्टर, बेकरीवाले, आगीचा बंब, सगळे त्यांच्या डोक्यात घर करून राहिले. एक्स्चेंज बंद पडून जमाना झाला, तरी गल्लीतली पोरंटोरं अजून त्यांना ऑपरेटरबाईच म्हणतात.

आता अशा बाईला सख्ख्या बहिणीचा नंबर आठवेना, म्हणजे पाणी कुठवर आलं बघा.

आक्का त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठी. डोंगरापलीकडच्या शहरात तीही ऑपरेटरच. दोन्ही एक्स्चेंजना जोडणारी एकच लाइन होती आणि रोज सकाळी सहाला तिची चाचणी व्हायची. नियम असा, की फोन लहान एक्स्चेंजने लावायचा आणि मोठ्याने वाट बघायची. धाकटी विचारायची, “ऐकू येतंय का?” थोरली म्हणायची, “स्वच्छ.” सरकारी काम तेवढंच. पुढच्या दहा मिनिटांच्या गप्पा कुठल्याही रजिस्टरात नसायच्या. दोघी निवृत्त झाल्या, तरी घरच्या काळ्या डबड्यावरून, भोकात बोट घालून आकड्यांची तबकडी गरागरा फिरवून, धाकटीने सहाची चाचणी चालूच ठेवली.

मग नऊ वर्षांपूर्वी दोघींचं वाजलं. असं कडाक्याचं वाजलं, की दुसऱ्या दिवशी सहाला फोन लागला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मी का म्हणून करू, तिने करावा, असं म्हणत ऑपरेटरबाई बसल्या आणि बसल्या त्या बसल्याच. मध्यंतरी मुलाने काळं डबडं काढून बटणांचा फोन आणला.

गेल्या थंडीत एका पहाटे मात्र त्यांना आक्काची इतकी आठवण झाली, की जीव कासावीस झाला. गेला उडत तो मान, असं म्हणून त्या फोनपाशी गेल्या, रिसीव्हर उचलला आणि बोट हवेतच राहिलं. शहराचा आकडा आठवला. पुढचे सहा आकडे नाहीत. आणि त्याहून भयंकर म्हणजे, भांडण कशावरून झालं होतं तेही आठवेना. त्या अंधारात खुर्चीवर बसून राहिल्या. आक्का आता एकोणऐंशीची. आपण अशाच एकेक विसरत गेलो आणि तिकडे ती गेली तर?

मुलाला विचारायची सोय नव्हती. त्याला नंबर ठाऊक नव्हता आणि शोध म्हटलं, तर आई विसरते हे घरभर झालं असतं. म्हणून गुडघ्याचं निमित्त काढून त्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. पोरगी वयाने लहान, पण बारा गावचं पाणी प्यायलेली. गुडघा दोनदा वाकवून बघितला आणि म्हणाली, “हा ठीक आहे. आता खरं काय ते सांगा.”

खरं ऐकून तिने काय काय तपासलं, कान, रक्त, झोप. काळजीसारखं काही दिसत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा बघू, म्हणाली. आणि सुवाच्य अक्षरात एक कागद लिहून दिला. डॉक्टर असून सुवाच्य, याचंच बाईंना जास्त आश्चर्य वाटलं. रोज अर्धा तास चाला, सात तास झोपा, ताटात भाजी जास्त आणि मीठ कमी, हाताला नवीन काहीतरी शिकवा, आणि शेवटी, आवडत्या माणसांशी बोला.

“एवढ्याने नंबर आठवेल?”

“ते मी कसं सांगू? पण मेंदू ताजा राहायला मदत होईल.”

सुनेने त्या कागदाला रकाने आखून तो फ्रिजवर चिकटवला. बाईंनी मन लावून खुणा करायला सुरुवात केली. नोकरीत एक दिवस उशीर नाही, इथे कसा होईल?

पहाटे त्या चालायला निघत तेव्हा गाव धुक्यात बुडालेलं असे. घरं दिसायची नाहीत, नुसते दिवे दिसायचे, बोर्डावर लागतात तसे, एक इथे, एक तिथे. मग त्या दिव्यागणिक नंबर म्हणत चालायच्या. हा औषधवाला, हा शाळेचा शिपाई, ही ती विधवा जिला दर रविवारी मुलाचा फोन यायचा. त्यातले अर्धे केव्हाच देवाघरी गेले होते, पण धुक्यात ते कोण तपासणार? कधी वाटायचं, एखादा दिवा आत्ता मिचकावेल आणि कोणीतरी म्हणेल, जरा जोडून द्या हो बाई. पुलाशी आल्यावर त्या थांबत. पलीकडे डोंगर होता आणि तिथे एकही दिवा लागत नसे.

झोपही सुधारली. स्वप्नात आक्का यायची. हेडफोन लावून पाठमोरी बसलेली, वेणीला काळी फीत. बाई हाक मारायच्या आणि आवाज फुटायचा नाही.

“आई, पाचवा रकाना रोज रिकामा,” सून एकदा म्हणाली.

“तुझ्याशी बोलते की.”

“डॉक्टरांनी आवडत्या माणसांशी म्हटलंय.”

“मग राहू दे रिकामा.”

दोघी हसल्या. पण सून बेरकी, तिने सासूचे डोळे बघितले आणि पुढे काही विचारलं नाही.

नवीन शिकायचं म्हणून बाईंनी मातीकाम निवडलं. गोदामामागच्या खोलीत एक कुंभारीण शिकवायची. सहा चाकं, ओल्या मातीचा वास आणि उंच खिडकीतून येणारं दुधाळ ऊन. बाईंना कला काडीची नव्हती. वाडगा करायला घ्यावा तर बशी व्हायची आणि बशी करायला घ्यावी तर विचारूच नका. पण हात मातीत गेले की मन कसं शांत व्हायचं. चाक फिरायचं, पाणी ओघळायचं, तास कुठे गेला कळायचं नाही.

तीन महिने भरायला चार दिवस राहिले होते. त्या दिवशी चाक थांबलं होतं आणि समोर एक ओली, जाडजूड ताटली होती. बाई खिडकीकडे बघत बसल्या होत्या, मनात काहीच नाही. उजव्या हाताची तर्जनी ताटलीच्या काठावर होती. ती आपसूक घसरली, गोल फिरत खाली उजवीकडे आली आणि उचलली गेली. पुन्हा दुसरीकडून, थोडीशीच. मग पार लांबून, जवळजवळ पूर्ण फेरी.

“काकू, ही कसली नक्षी?” कुंभारणीने विचारलं.

बाईंनी खाली बघितलं. बोट कुठूनही निघो, थांबायचं एकाच जागी. जिथे जुन्या फोनच्या तबकडीवर बोट अडवणारी खीळ असते तिथे. आपण हलायचं नाही, बोटाला त्याचं काम करू द्यायचं, असं त्यांनी ठरवलं आणि डोळे मिटले. सहा वेळा बोट फिरलं आणि थांबलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच सहा. डोकं विसरलं होतं. बोट विसरलं नव्हतं.

“एक टोकदार काडी दे गं,” त्या म्हणाल्या. आणि जन्मात पहिल्यांदा ऑपरेटरबाईंनी एक नंबर लिहून ठेवला, ताटलीच्या मधोमध, चांगला खोल. मग पदराने डोळे पुसले, तर गालभर माती.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या चालायला गेल्या नाहीत. कच्ची ताटली मांडीवर घेऊन फोनपाशी बसल्या. नंबर बदलला असेल. आक्का नसेलच. उचलून आपटेल. सहाच्या ठोक्याला त्यांनी बटणं दाबली.

पहिली घंटा पुरी वाजलीही नाही आणि पलीकडे रिसीव्हर उचलला गेला. श्वास ऐकू आला, म्हातारा, घरघरता.

बाईंना ठरवलेलं एकही वाक्य सुचेना. तोंडातून आलं ते जुनंच. “ऐकू येतंय का?”

पलीकडून आलं, “स्वच्छ.”

दोघी रडत होत्या आणि दोघींनाही ते एकमेकींना कळू द्यायचं नव्हतं.

“आक्का, अगं, आपण कशावरून भांडलो होतो? मला खरंच आठवत नाही.”

“मला आठवतंय,” आक्का म्हणाली. “तू विसरलीस ना? मग राहू दे. सगळंच कशाला लक्षात ठेवायचं?”

“आणि तुला नाही फोन करता आला होय, नऊ वर्षांत?”

“मी कशी करणार? फोन लहान एक्स्चेंजने लावायचा.” आक्काने नाक ओढलं. “मी रोज सहाला इथेच बसलेली असते. माझं काम वाट बघायचं.”