आतून मिटणारी झडप

ओ-रिंग... फट बुजवणारी रबराची कडी, काळी, अंगठीएवढी, तेलाने चकचकणारी. ओट्यावर साखरेच्या डब्यापाशी पडलेली. तिने ती उजेडात धरली, नखाने ताणत ताणत चहूबाजूंनी पाहिली — कुठे चीर नाही, झिजलेली नाही, चांगली धडधाकट. मग ती इथे काय करत होती? तिची जागा बाहेर गॅरेजमध्ये, पाणबुडीच्या पुढच्या टाकीवरच्या झडपेत, तबकडीच्या खोबणीत. तिथून ती ओट्यावर आली म्हणजे झडप कोणीतरी खोलली. आणि घरात माणसं दोनच, त्यातली एक ती स्वतः.

"अगं, चहा घेऊन ये बाहेर! पेपरवाले आलेत."

आधण उकळत होतंच. तिने ओ-रिंग बरणीमागे सरकवली. पेपरवाले म्हणजे एकच माणूस, गळ्यात कॅमेरा. पण नवऱ्याला एकाचं अनेकवचन करायची हौस. स्वतःबद्दल बोलतानाही तो आता 'आम्ही' म्हणू लागला होता, आणि त्या 'आम्ही'त ती धरलेली नसे. निवृत्त दंतवैद्य घरामागच्या गॅरेजात एका माणसाची पाणबुडी बांधतोय — गल्लीतले लोक त्याला कॅप्टन म्हणायचे. तो ते मानाने घ्यायचा. घेऊ देत. तिला वाटायचं, दोष धंद्याचा असावा. जन्मभर तो ज्यांच्याशी बोलला त्यांचं तोंड उघडं, आत आरसा, गालात कापूस. प्रश्न विचारायचा आणि उत्तरही आपणच द्यायचं... मग घरी येऊनही समोरच्याच्या तोंडात कापूस आहे असंच धरून चालायचं. मीही कधीतरी तो कापूस थुंकायला हवा होता. नाही थुंकला. जेवण, मुलगी, तिची शाळा, तिचं लग्न — कापूस घेऊनच सगळं पार पडलं.

फक्त त्या झडपेच्या वेळी तसं नव्हतं.

निवृत्तीपर्यंत ती झडपांच्याच कारखान्यात आराखडे काढत होती, हे त्याला इतक्या वर्षांनी एका संध्याकाळी आठवलं. "टाकीच्या डोक्यावर एक भोक हवंय, हवा सोडायला. त्यावर एक झाकण. देशील काढून?" तिने कागद पुढे ओढला आणि ती म्हणाली, भोक कोणीही पाडेल. बुडणं सोपं असतं. वरची झडप उघडली की टाकीतली हवा निघून जाते, खालून पाणी भरतं, झालं. कठीण असतं ते वर येणं. तेव्हा हीच झडप मिटून घट्ट बसली पाहिजे, कारण आता सिलिंडरमधली हवा टाकीत सोडून पाणी खाली हाकलायचं असतं. झडपेला जरा फट राहिली तर सगळी हवा बुडबुडे होऊन वर, आणि आपण खाली. म्हणून झाकणाची तबकडी आतून बसवायची, टाकीच्या आतून, म्हणजे हवेचा दाबच तिला वर रेटून मिटवतो. जितका दाब जास्त, तितकी ती घट्ट... तो गुडघे जवळ घेऊन बसला होता, आणि ऐकत होता. खरंच ऐकत होता. मध्येच म्हणाला, "म्हणजे जी ताकद तिला उघडणार, तीच बंद करणार? कमाल आहे तुझी." तिला लाज वाटली होती. या वयात, नवऱ्याने कौतुक केलं म्हणून लाज! नंतर कित्येक दिवस ती खोबणीची खोली, स्प्रिंगचा ताण असलं काहीबाही पुन्हा पुन्हा तपासत राहिली, गरज नसताना, तो शेजारी बसतो म्हणून.

गॅरेजमध्ये ती ट्रे घेऊन शिरली आणि तिला पाणबुडीच्या पाठीवर दोन पितळी तबकड्या दिसल्या. गोल, पॉलिश केलेल्या, कॅमेऱ्यासाठी पुसून ठेवलेल्या.

त्या दिसायला नको होत्या. तिच्या आराखड्याप्रमाणे बाहेर फक्त झडप उघडायच्या दांडीचं टोक दिसायला हवं होतं. तबकड्या त्याने बाहेरून बसवल्या होत्या, पातेल्यावर झाकण ठेवावं तशा. खोबण उलट्या बाजूला गेली म्हणून ओ-रिंग काढून चपटं रबर लावलं असणार. आता आत हवा सोडली की ती हवा झाकणाला मिटवणार नाही, उचलणार.

"हे काय, साहेब?" पेपरवाल्याने विचारलं.

"हवेची झडप. आमचंच डिझाइन. आधी फार किचकट होतं, दुरुस्तीला टाकी उघडायला लागायची. मी सुटसुटीत केलं. बाहेरून दोन मिनिटांत निघते."

"उद्या उतरणार नक्की?"

"उद्या सकाळी. जुन्या खाणीच्या तळ्यात. चांगलं खोल आहे ते."

"आणि वहिनी, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"तिला कसली भीती! तिला सवय आहे माझी," तो म्हणाला, आणि दोघे हसले. तिने साखर विचारली.

सांगायला हवं होतं, त्याच क्षणी. पण चारचौघांत नवऱ्याला उघडं पाडायचं नाही हे अंगात इतकं मुरलेलं की ते आता शहाणपण होतं की भेकडपणा, कोणाला ठाऊक. अडीअडचणीला तळातून सोडून दिलं की पाणबुडी हलकी होऊन वर येईल असं शिशाचं वजनही तिने आराखड्यात दाखवलं होतं. ते 'पुढच्या वेळी बघू' म्हणून भिंतीशी टेकवून ठेवलेलं. पेपरवाल्याने त्यावर पिशवी ठेवली होती.

तो गेल्यावर ती बोलली.

"अहो, तबकड्या उलट्या बसल्यात. वर येताना हवा धरणार नाहीत त्या."

"तपासलंय मी." त्याने तांब्या भरून पाणी आणलं, तबकडीवर ओतलं, टाकीत खालून हात घालून कोरडा हात तिला दाखवला. "बघ. थेंब नाही."

"वरून पाणी ओतलं तर ते दाबूनच धरणार ना तिला. खालून हवा मारून बघा."

"तुमच्या कारखान्यात सोपं काही करायचं नाही अशी शपथ होती का गं?" तो हसतच म्हणाला, चिडला सुद्धा नाही. "आता काँप्रेसर काढायचा नाही. उद्या लवकर निघायचंय."

पालथ्या घड्यावर पाणी. पण काँप्रेसर तिच्या हाताच्या अंतरावर होता. दवाखान्यातून आणलेला, चालवायला अगदी सोपा. नळी टाकीच्या खालच्या तोंडाशी धरायची, बटण दाबायचं. झाकण फसफसलं असतं, आणि त्या आवाजापुढे त्याला काही बोलता आलं नसतं. तिने नळीकडे पाहिलं. मग रिकामे कप उचलले आणि ती आत आली.

कप विसळताना तिच्या मनात एक वाक्य चालू होतं. केव्हापासून चालू होतं ते तिच्या ध्यानात आलं नव्हतं. मी सांगितलं होतं. आधी मुलीला, फोनवर: अगं, मी सांगितलं होतं त्यांना. मग नणंदेला, जरा हळू: सांगितलं होतं हो मी, पण त्यांनी कधी कोणाचं ऐकलंय? मग त्या पेपरवाल्यालाही. तो पुन्हा येणारच. त्याच्यासमोर रडायचं नाही. आराखडा पुढे ठेवायचा, कोपऱ्यातली आपली सही दाखवायची. 'होतं'नंतर थोडं थांबायचं... आणि सगळे ऐकतील. कोणी मध्ये बोलणार नाही. लोक भेटायला येतील त्या खोलीत किती शांत वाटत होतं! खुर्च्या कशा मांडल्यात तेही तिला दिसत होतं.

कप तिच्या हातात तसाच राहिला.

राग असता तर बरं झालं असतं. राग तिच्या ओळखीचा होता, येऊन जायचा. हे निराळंच होतं. हे ती घोटत होती, शब्द बदलून बदलून, जसे खोबणीचे आकडे घोटले होते. आणि मघाशी नळीकडे पाहून ती परत फिरली ती थकून नव्हे, चिडूनही नव्हे. एकदा सांगून झालं होतं, तेवढं पुरे होतं. दुसऱ्यांदा सांगितलं असतं तर कदाचित त्याने ऐकलं असतं... मग हे वाक्य कुणाला सांगणार होते मी?

गॅरेजमधून शीळ ऐकू आली. मग हाक, "अगं, दोरी कुठे ठेवलीस? आणि जरा ये इकडे, धरायला कोणी नाही."

"आले," ती म्हणाली. आवाज अगदी रोजच्यासारखा निघाला, आणि त्या आवाजाचीच तिला भीती वाटली.