सोललेला स्फटिक

माझ्या दिवंगत थोरल्या बंधूंनी भट्टीत वाढविलेला अखेरचा स्फटिक वहिनींपुढे होता. प्रयोगशाळेत स्फटिकांना सोन्याच्या तारा जोडण्याचे काम त्याच करीत. या स्फटिकाचे नवल असे, की त्याच्या पोटातून वीज जात नाही. ती केवळ पृष्ठभागावरून धावते.

"अगदी तुमच्या दादासारखा," वहिनी म्हणाल्या. "बोलणं सगळं वरवरचं. आत म्हणून कुणाला येऊ दिलं नाही."

हवेने खराब झालेला थर चिकटपट्टीने सोलावयाचा होता. ते काम माझे होते. "दादाची बोटं लागलीत याला, वहिनी."

"सोला, भावजी. आत काय होतं ते एकदा कळू दे."

मी थर सोलला. त्यांनी पुन्हा तारा जोडल्या. क्षणापूर्वी जे पोट होते तेच आता पृष्ठभाग झाले होते, आणि त्यावरून वीज पूर्ववत धावत होती.

"अजून एक काढा."

काढला. पुन्हा तेच घडले. मग आणखी एक. स्फटिक अभ्रकासारखा पातळ झाला, तरी आतले असे काही हाती लागेना.

वहिनी त्याच्यावर ओणवल्या आणि हलकेच म्हणाल्या, "अहो, पुरे आता."

मला त्या भावजी म्हणतात. 'अहो' ही हाक त्यांनी दादावाचून कोणासही मारलेली नाही.